तांबडी माती, फणसाचा भुसा आणि थोडी तुरटी: रंगांच्या नादाला लागणाऱ्यांसाठी

दर पावसाळ्यात आमच्या घरातला एक तरी पांढरा कपडा कायमचा कामातून जातो. शाळेचे मोजे असोत नाहीतर देवळात नेसायचं धोतर असो, तांबड्या चिखलाचा शिंतोडा उडाला की संपलं, साबण लावा, ब्लीच लावा, दोन दिवस उन्हात टाका, तो डाग फिकट नारिंगी होऊन तिथंच बसतो. आणि हळदीचा डाग पडला तर आई ढुंकूनही बघत नाही, म्हणते घाल उन्हात, जाईल. आणि जातोच तो! लहानपणी मला हे कोडंच होतं, दोन्ही डागच ना, मग एकाला ऊन खातं आणि दुसऱ्याला का नाही खात.

आता गेली काही वर्षं मी घरच्या मागच्या पडवीत शनिवार-रविवार हेच उद्योग करते, कपडे रंगवते, मातीपासून रंग करते, निम्म्या वेळा फसते. गोव्यात डिचोलीकडे राहते त्यामुळे तांबड्या मातीला काही कमी नाही :) कोणी नवीन माणूस विचारतो की सुरुवात कुठून करू, तेव्हा मी त्याला एकच प्रश्न पाठ करायला सांगते: रंग कुठला ते नंतर, आधी हा रंग धरलाय कोणी ते बघ. डिंकाने, चुन्याने, तुरटीने की कोणीच नाही? तेवढं कळलं की अर्धं काम झालं.

आधी नुसतं बघा, मोबाईल घेऊन

कसलंही सामान आणायच्या आधी हे करा. मोबाईलवर पूर्ण पांढरा स्क्रीन आणा, बोट पाण्यात बुडवून एक अगदी बारीक थेंब काचेवर ठेवा (थेंब म्हणजे थेंब, चार्जिंगच्या भोकात पाणी घालू नका). थेंब भिंगासारखं काम करतो, आत बघितलं तर पांढरा कुठंच नाही, लाल हिरवे निळे ठिपके तेवढे दिसतात. आता पिवळा स्क्रीन आणा. निळे ठिपके विझले, लाल आणि हिरवे चालू. म्हणजे मोबाईलमध्ये पिवळा नावाचा दिवाच नाहीये, लाल आणि हिरवा एकत्र डोळ्यात गेले की आपल्याला पिवळा वाटतो, कारण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच जातींच्या आहेत आणि बाकी सगळा हिशेब मेंदू करतो.

रंगाच्या डब्यात मात्र उलटं असतं. डबा उजेड देत नाही, खातो. आपल्याला दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला (ही उजेडाच्या लाटेची लांबी), ४०० कडे जांभळा-निळा, ७०० कडे लाल. हळदीतलं कर्क्युमिन ४२५ च्या आसपासचा निळा-जांभळा भाग गिळतं आणि उरलेला परत पाठवतं, तो उरलेला म्हणजे हळदीचा पिवळा. म्हणून दिवे मिसळत गेलो की उजळत जातं आणि रंग मिसळत गेलो की काळवंडत जातं, प्रत्येक रंग आपापला घास खातोय ना. लहान मुलं सगळे रंग एकत्र कालवून शेणासारखा रंग करतात, त्यात पोरांची चूक नाही, हिशेबच तसा आहे.

याच्यातूनच एक गोष्ट निघते जी साड्या घेणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. माझी काकी म्हापशाच्या बाजारात ब्लाऊजपीस घ्यायला गेली, दुकानातल्या एलईडीखाली साडी आणि पीस असे जुळले की दुकानदार पण खूश. रस्त्यावर आल्यावर साडी मोरपंखी आणि पीस सरळ हिरवा! दुकानदाराने फसवलं नव्हतं, कापडाचे दोन वेगळे रंग (डाय) एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे, याला मेटॅमेरिझम म्हणतात. त्यामुळे इथून पुढचा सगळा खेळ दिवसाउजेडी, दारात, सावलीत बघायचा. ट्यूबलाईटखाली केलेला रंग सकाळी बघून मी रडायची बाकी राहिले होते.

डाय आणि पिगमेंट, दोन ग्लासांत

दोन काचेचे ग्लास घ्या. एकात चार सोलं (कोकमाची सुकवलेली सालं, कोकमाला आम्ही भिरंड म्हणतो) गरम पाण्यात भिजत घाला, दुसऱ्यात चमचाभर तांबडी माती ढवळा. दोन्ही लालच दिसतील. आता चहाच्या गाळणीत सुती कापडाची चार पदरी घडी टाकून दोन्ही गाळा आणि रात्रभर तसेच ठेवून द्या, हलवू नका. सकाळी भिरंडाचं पाणी जसंच्या तसं लाल, आरपार दिसतंय, खाली काही नाही. मातीच्या ग्लासात तळाला गाळ आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी.

पहिला डाय. तो पाण्यात विरघळला, रेणू रेणू सुटा झाला, त्यामुळे कापडाच्या धाग्याच्या आत घुसू शकतो. दुसरा पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी पूड, कितीही बारीक केलीत तरी ती कणच राहते. पिगमेंटला कुठं चिकटायचं तर मध्ये कोणीतरी गोंद लागतो, त्याला बाईंडर म्हणतात. डायला धाग्याशी बांधायला वेगळा माणूस लागतो, त्याच्याकडे पुढे येतेच.

आणि हो, मधली जात पण आहे. डाय पाण्यात विरघळलेला असताना त्याला तुरटी-सोड्याबरोबर खाली बसवला की न विरघळणारी पूड होते, तिला इंग्रजीत लेक म्हणतात आणि तो शब्द आला कुठून तर आपल्या लाखेवरून! शिगम्याच्या मिरवणुकीत उडतो तो गुलाल बहुतेक वेळा नुसत्या स्टार्चवर चढवलेला डाय असतो, स्टार्च त्याला नावापुरतंच धरून ठेवतं, घाम आला की सोडून देतं, म्हणून फोंड्याहून घरी येईपर्यंत तुमचा शर्ट, मान, कान आणि स्कूटरची सीट सगळं गुलाबी.

मातीचा रंग करायचा, पायरी पायरीने

मला विचाराल तर सुरुवात इथूनच करा, कारण खर्च शून्य आणि फसायला जागा कमी. गोव्याची माती तांबडी आहे ती लोखंडाच्या ऑक्साईडमुळे. वर्षानुवर्षांच्या पावसाने खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड, अॅल्युमिनियम मागे राहिलं, तोच आपला चिरा, म्हणजे जांभा दगड. लाल भाग हेमॅटाईट, पिवळा भाग गोएथाईट, म्हणजे तेच लोखंड पण पाणी अंगात धरून बसलेलं. डिचोली, साखळी, सत्तरी पट्ट्यात खाणी निघाल्या त्या याच लोखंडाच्या जिवावर. थोडक्यात माती गंजलेली आहे, आणि म्हणूनच तिचा रंग टिकतो. जे आधीच पूर्ण गंजलंय त्याला ऊन-पाऊस अजून काय गंजवणार? माझ्या मोज्यांच्या डागाचं उत्तर तिथं होतं. (मोज्याला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, आंबट लागलं की लोखंड थोडंफार सुटतं. ब्लीचने काहीही होत नाही.)

किलोभर माती घ्या, रस्त्याकडेची नको, त्यात ऑइल आणि प्लास्टिक असतं. चिरा कापताना पडलेली पूड मिळाली तर उत्तम. बादलीत भरपूर पाण्यात हाताने कुस्करा, खडे-मुळं काढा, जोरात ढवळा आणि तीस-चाळीस आकडे मोजा. तेवढ्यात वाळू खाली बसते, बारीक कण अजून तरंगतायत, तेवढं लाल पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओता. खालचा गाळ परत पाणी घालून परत तेच, तीन-चार वेळा. आता दुसरी बादली झाकून एक रात्र ठेवा. वरचं पाणी स्वच्छ झालं तर ओतून टाका, नाही झालं आणि पाणी लालच राहिलं तर चिमूटभर तुरटी फिरवा, पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी निवळायला फिरवतात तशीच. बारीक कण एकमेकांना ढकलत असतात म्हणून तरंगतात, तुरटीतलं अॅल्युमिनियम ते भांडण मिटवतं आणि सगळे गोळा होऊन खाली बसतात.

खालची साय जाड ताटात पसरून सावलीत वाळवा. भेगा पडतील, मग ती कुस्करून काचेच्या तुकड्यावर नाहीतर गुळगुळीत फरशीवर थोडं पाणी घालून वाटा. वाटताना आवाज ऐका! सुरुवातीला करकर येते, ती थांबून नुसतं सर्र-सर्र लोण्यासारखं व्हायला लागलं की झालं. मला अर्धा तास लागतो, भावाला कंटाळा येऊन दहा मिनिटांतच 'झालं' वाटतं आणि त्याचं चित्र मग सॅन्डपेपरसारखं लागतं.

पिवळसर माती मिळाली तर एक जादू बघा. जुना तवा घ्या (परत चपातीला वापरायचा नाही, घरात आधीच सांगून ठेवा नाहीतर माझ्यासारखं ऐकून घ्यावं लागेल), चमचाभर पिवळी पूड मोठ्या आचेवर हलवत राहा. तीनशे डिग्रीच्या आसपास गोएथाईटमधलं पाणी निघून जातं आणि पिवळ्याचा विटकरी, विटकरीचा लाल होतो, डोळ्यासमोर. कौलं आणि विटा भट्टीत लाल होतात त्यामागे पण हेच लोखंड.

आता बाईंडर. वॉटरकलरसाठी बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळा, त्यात थोडा मध म्हणजे वाळल्यावर तडकत नाही, आणि एक थेंब लवंगतेल. लवंगतेल विसरू नका, पुस्तकात वाचून लोक ऐच्छिक समजतात, पण आपल्या जुलैच्या हवेत डिंकावर आठ दिवसांत हिरवी बुरशी चढते. पूड आणि डिंकपाणी साधारण सारखं घेऊन परत वाटा, कागदावर एक पट्टा ओढा, वाळल्यावर बोट फिरवा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी, चकचकीत होऊन तडे गेले तर डिंक जास्त. हीच सगळी विद्या. लाकडी पाट किंवा कुंडी रंगवायची तर डिंकाऐवजी फेव्हिकॉलचं पातळ पाणी चालतं, भिंतीला चुना.

चुना, कावी आणि ओली भिंत

चुन्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इथं गोव्याने स्वतःची एक कलाच करून ठेवली आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी दिसते, ती कावी. लोकांना वाटतं पांढऱ्यावर लालाने रंगवलंय. नाही हो! आधी पांढऱ्या चुन्याचा गिलावा, त्यावर काव (गेरूची लाल माती) मिसळलेल्या चुन्याचा लाल थर, आणि तो ओलसर असतानाच लोखंडी टोकदार हत्याराने आणि कंपासने लाल खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. शिंपले भाजून केलेला चुना, वाळू, गूळ असं मिश्रण मुरवून घ्यायचे. जवळ जाऊन बोट फिरवा (पुजाऱ्यांना विचारून), पांढरी रेघ खोल लागते आणि लाल भाग वर. ब्रशने काढलेल्या चित्रात ते होणार नाही.

त्यात लाल रंग धरलाय कोणी? डिंक नाही, तेल नाही. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन हळूहळू परत चुनखडी होतो आणि लोखंडाचे कण त्या दगडात अडकून बसतात. रंग दगडाचाच भाग झाला. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरल्या शिरल्या जोर्ज कोलासोच्या १९३५ च्या निळ्या टाईल्स आहेत ना, तिथं पण तसंच, फक्त धरणारी काच आहे आणि रंग कोबाल्टचा. म्हणून एवढ्या पावसाळी दमट हवेत निळा अजून निळा.

चुन्यात कुठलाही रंग घालून चालत नाही हे मात्र लक्षात ठेवा, चुना अल्कली आहे आणि कितीतरी रंग त्यात मरतात. प्रशियन ब्लू तपकिरी पडतो. काव, पिवळी काव, हार्डवेअरच्या दुकानातलं रेड ऑक्साईड (जुन्या घरांतली गुळगुळीत लाल जमीन त्याचीच), आणि कपड्यांच्या निळीची जुनी पूड, म्हणजे अल्ट्रामरीन, हे चालतात. बाटलीतली लिक्विड नीळ चालत नाही, तो डाय आहे, पिगमेंट नाही.

अजून एक, चुना लावताना नवे लोक हमखास घाबरतात. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, खालची जुनी भिंत सगळी दिसते, मग माणूस जाड जाड थर मारत सुटतो आणि तो पोपडे धरून पडतो. थांबा, वाळू द्या. चुनखडी आणि पाणी यांच्यात उजेड फारसा वळत नाही म्हणून आरपार जातो, पाणी उडून तिथं हवा आली की उजेड कणाकणावर फुटतो आणि भिंत पांढरी फेक होते. तयार इमल्शन पेंटमध्ये टायटॅनियम डायऑक्साईड असतो, तो उजेड इतका जोरात वळवतो की ओलापण झाकतो. पहिल्या पावसात चिऱ्याचं कुंपण एकदम गडद दिसायला लागतं त्याचं कारण पण हेच, भोकांत पाणी भरलं, उजेड बाहेर फेकला जाण्याऐवजी आत गेला आणि दगडाने खाल्ला.

आता कापड: सुताराकडे जाऊन या

कापड रंगवायला हळदीने सुरू करू नका. सगळे करतात, पहिल्या दिवशी फोटो टाकतात आणि महिन्याने कापड मळक्या गंजीफ्रॉकसारखं होतं. फणसाचं लाकूड घ्या. जुन्या घराचा फणसाचा दरवाजा काळसर तपकिरी दिसतो, पण तेच लाकूड आज करवतलं तर आतून हळदीसारखं पिवळं असतं. त्यात मोरिन नावाचा डाय आहे, बौद्ध भिक्षूंची चिवरं फणसाच्या गाभ्याने रंगवायची पद्धत होती. आमच्या वाड्यावरच्या मेस्ताकडे मी पिशवी घेऊन गेले, तर म्हणाला, "व्हर गो, कितलो जाय तितलो" (ने गं, हवा तेवढा). फक्त फणसाचाच मागा, सागवान-प्लायवूडची भेसळ नको.

समजा कापड कोरडं वजन करून १०० ग्रॅम आहे, सुती मलमल. पॉलिस्टर अजिबात नको, लेबल बघून घ्या, मिक्स असलं तरी फसतं.

पहिल्या दिवशी फक्त धुवायचं. चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. दिसायला स्वच्छ असलेलं नवं कोरं कापड सुद्धा पिवळं-तपकिरी पाणी सोडतं, ती खळ आणि कापसाचं मेण. हे टाळलंत तर नंतर डाग डाग येणार म्हणजे येणार.

मग हिरड्याची पूड २० ग्रॅम, कोमट पाण्यात, कापड त्यात रात्रभर. सकाळी पिळून (धुवायचं नाही) १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात सात-आठ तास. हे कशाला? कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याला डायबद्दल काही प्रेम नाही, लोकर-रेशमाला असतं. हिरड्यातलं टॅनिन कापसाला चिकटतं, तुरटीतलं अॅल्युमिनियम टॅनिनला पकडतं, आणि अॅल्युमिनियम दुसऱ्या हाताने डायला पकडतं. अशी साखळी. या पकडणाऱ्याला मॉर्डंट म्हणतात, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चावणं. तुमचा डाय कितीही भारी असू दे, ही साखळी तुटली की तो पहिल्या धुण्यात नाल्यात. रसायनवाले तर अॅल्युमिनियम आहे का हे ओळखायलाच मोरिन वापरतात, दोघं भेटले की अतिनील उजेडात हिरवे चमकतात, इतकं त्यांचं जमतं.

तिसऱ्या दिवशी १०० ग्रॅम भुसा जुन्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात तासभर उकळा, पुरचुंडी काढा, पाणी थोडं निवू द्या, मग ओलं कापड सोडा आणि बारीक आचेवर पाऊण तास, सारखं हलवत. खळखळा उकळायची गरज नाही. त्यातच थंड होऊ द्या, सावलीत वाळवा, दोन दिवसांनी धुवा. सोनेरी पिवळा येतो, हळदीसारखा भडक नाही, जरा जुन्या पितळेकडे झुकणारा. दसऱ्यानंतर गाडीला घातलेले रोजांचे (झेंडूचे) हार सुकवून ठेवलेत तर त्याच पद्धतीने झेंडूचा पिवळा पण होतो, शंभर ग्रॅम कापडाला शंभर ग्रॅम सुकी फुलं. नारळाच्या सोडणांचा (वरच्या सालींचा) गुलाबी झाक असलेला तपकिरी येतो, आणि सोडणं कोणाकडे नाहीत!

भांडं स्टीलचं. इथं माझी पहिली ओढणी गेली. लोखंडी कढईत, विहिरीच्या पाण्यात, मोठ्या हौसेने रंगवायला ठेवली, पिवळा येईल म्हणून दर पाच मिनिटांनी काठीने उचलून बघतेय आणि ती हळूहळू शेवाळी होत चालली, शेवटी पोलिसांच्या खाकीला पण लाजवेल असा रंग. मी भुशाला दोष देत बसले. मग लक्षात आलं, हिरड्याचं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई होते, पूर्वी लिहायची शाई तशीच करायचे, आणि आमच्या विहिरीच्या पाण्यात लोखंड एवढं की बादलीच्या काठाला नारिंगी कड येते. तुमच्याकडे तशी कड असेल तर रंगकामाला पावसाचं पाणी धरून ठेवा, ते फुकट आहे आणि त्यात लोखंड नाही.

पण तोच अपघात मुद्दाम करता येतो. १०० ग्रॅम कापडाला एक ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार), फार तर दोन, शेवटी पाच-दहा मिनिटं. पिवळ्याचा मेंदी हिरवा, सोडणांच्या तपकिरीचा राखाडी. जास्त घातलंत तर लोखंड हळूहळू कापूसच खातं, दोन वर्षांनी घडीवर फाटतं. मोरचूद (तांब्याचा क्षार) पण लोक सांगतात, हिरवट छटा छान येते हे खरं, पण ते पाणी टाकणार कुठं? आपल्याकडे सगळं शेवटी विहिरीत नाहीतर शेतात जातं. मी वापरत नाही.

सोलकढीवाले रंग

सोल घालून ठेवलेल्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. लालाचा जांभळा, जांभळ्याचा निळसर-हिरवट. लिंबू पिळा, परत लाल. भिरंडात अँथोसायनिन असतं, आंबट-खारं बदललं की त्याच्या रेणूची रचना बदलते, तो उजेडाचा वेगळा घास खायला लागतो. मुलांना दाखवायला यासारखं दुसरं काही नाही, पण कापडाला लावू नका, साबणाच्या पहिल्या पाण्यात रंग पळतो. बीट, जास्वंद, जांभूळ यांचाही रंग तसाच पळतो. कोणी इंटरनेटवर बीटरूटने रंगवलेली गुलाबी साडी दाखवत असेल तर सहा महिन्यांनंतरचा फोटो मागा.

हळद पण तशीच रंग बदलते, अल्कलीत लाल होते. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो रक्तासारखा लाल होतो तेव्हा घाबरू नका, धुऊन उन्हात टाका. आणि हळद-चुन्यापासूनच कुंकू होतं, आपण पिंजर म्हणतो ते. बाजारातली पिंजर खरी हळदीची आहे का बघायचंय? चिमूटभर बशीत घेऊन लिंबू पिळा, पिवळी पडली तर हळदीची, ढिम्म लाल राहिली तर दुसरा काही डाय. शेंदूर आणि हिंगूळ मात्र प्रयोगाला घेऊ नका, शेंदूर शिशाचा आणि हिंगूळ पाऱ्याचा, दोन्ही विषारी.

ऊन हळदीला का खातं ते पण सांगून टाकते. बहुतेक डायचा रंग येतो रेणूतल्या कार्बनच्या लांब साखळीमुळे, एक बंध दुहेरी, एक एकेरी, परत दुहेरी. साखळी जेवढी लांब तेवढा ती लाल बाजूकडचा उजेड खाऊ शकते, गाजरातल्या कॅरोटीनमध्ये असे ११ दुहेरी बंध ओळीने आहेत म्हणून ते नारिंगी. उन्हाने आणि हवेने मधला एक बंध तोडला की रंग संपला, रेणू तिथंच असतो पण बिनरंगी. मातीत अशी साखळीच नाही.

निळीबद्दल थोडंच

निळीला मी नव्यांना हात लावू देत नाही, पण ती कशी धरते हे ऐकून ठेवा कारण ती सगळ्यांपेक्षा वेगळी. नीळ पाण्यात विरघळतच नाही. गूळ आणि चुना घालून तिच्यातला ऑक्सिजनचा हिशेब बदलतात, मग ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते, कापडात शिरते, आणि कापड बाहेर काढलं की हवा लागून एका मिनिटात हिरव्याचा निळा होतो. म्हणजे डाय म्हणून आत गेली आणि आत जाऊन पिगमेंट झाली. तिला कोणी धरलेलंच नाही, ती नुसती अडकलेली आहे, म्हणून जीन्स गुडघ्यावर घासून पांढरी पडते. आज जी नीळ मिळते ती बहुतेक कारखान्यातली, जर्मनीत १८९७ पासून ती व्यापारी प्रमाणात बनायला लागली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली. त्याआधी १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियाचं क्विनाईन बनवायला गेला होता, भांड्यात काळा चिकट गाळ उरला, धुताना जांभळा निघाला, आणि कृत्रिम डायचा सगळा धंदा तिथून. आपण भांडी घासताना एवढं लक्ष देतो का?

खिडकीची परीक्षा

प्रत्येक रंगवलेल्या कापडाची बोटभर पट्टी कापा. अर्धी जाड पुठ्ठ्यात झाकून दक्षिणेकडच्या खिडकीत चिकटवा, तारीख लिहा, पंधरा दिवसांनी पुठ्ठा काढा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसला की कोणाचं ऐकायची गरज राहत नाही. दुसरी पट्टी पांढऱ्या चिंधीला शिवून साबणाने धुवा, चिंधी रंगली तर साखळी कुठंतरी कच्ची. हे कापायचं जिवावर येतं मला माहीत आहे, म्हणून रंगवायच्या आधीच दोन इंच कापड जास्तीचं ठेवा.

कोरडी पूड चाळताना, वाटताना नाकाला फडकं बांधा, माती झाली तरी ती फुफ्फुसात नको. रंगाची भांडी, चमचे, गाळणी वेगळी, त्यावर लाल धागा बांधून ठेवा म्हणजे चतुर्थीच्या गडबडीत कोणी त्यात खीर करणार नाही. आणि जुन्या घराच्या खिडक्यांचा ऑइलपेंट खरवडून त्याची पूड 'पिगमेंट' म्हणून वापरायची आयडिया कोणाला आली असेल तर नको, जुन्या रंगात शिसं असायचं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीचे डबे आणि त्याआधीची दारं-खिडक्या यांना कोरडा सॅन्डपेपर मारू नका, ओलं करून खरवडा आणि पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

माझ्या खिडकीत सध्या सात पट्ट्या आहेत. हळदीची दहाव्या दिवशी पांढरी झाली, फणसाची किंचित उतरली, सोडणांची आहे तशी, आणि मातीच्या रंगाने रंगवलेला कागद मी पुठ्ठा काढून दोनदा उलटसुलट बघितला, झाकलेली बाजू कुठली तेच कळेना.